कुक्कुटाचे चार गुण : चाणक्यनीतींतील एका पाठभेदाचा विचार

चाणक्याच्या नांवावर चालत आलेल्या नीतिश्लोकांत, मनुष्यानें पशुपक्ष्यांपासून कोणते वीस गुण शिकावे याचें एक लहानसें प्रकरण आहे. सतरा अध्यायांचा जो वृद्धचाणक्य सर्वत्र छापलेला मिळतो, त्याच्या सहाव्या अध्यायाच्या उत्तरार्धांत तें येतें. सिंहापासून एक, बगळ्यापासून एक, कोंबड्यापासून चार, कावळ्यापासून पांच, कुत्र्यापासून सहा व गाढवापासून तीन, अशी ही वांटणी आहे. पैकीं कोंबड्याच्या चार गुणांसंबंधीं परंपरेंत दोन निरनिराळे पाठ आढळतात. त्यांतील मूळचा कोणता व मागाहूनचा कोणता, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. प्रश्न लहान खरा. परंतु त्यांत आमच्या हातून घडलेला एक जुना अन्याय गुंतलेला असल्यामुळें तो आम्हांस अनेक वर्षें सुटला नाहीं.

पहिल्या पाठाप्रमाणें कोंबड्याचे गुण असे : वेळेवर उठून सज्ज होणें, लढणें, आप्तांत वांटून खाणें, आणि स्वतः चाल करून जाऊन मिळविलेलें उपभोगणें. दुसऱ्या पाठाप्रमाणें : लढणें, पहांटे उठणें, आप्तांसह भोजन करणें, आणि संकटांत सांपडलेल्या स्त्रीचें रक्षण करणें. तीन गुण दोहोंकडे जवळजवळ एकच. चौथा मात्र अगदीं भिन्न. एकीकडे बळानें घेणारा, दुसरीकडे बळ खर्चून राखणारा. लुडविक स्टर्नबाख यांनीं होशियारपूरच्या विश्वेश्वरानंद संस्थेकडून १९६३ पासून चाणक्यपरंपरेचे जे खंड प्रसिद्ध केले, त्यांत या वाङ्मयाच्या सहा वाचना वेगळ्या करून दाखविल्या आहेत. तें काम ज्यांनीं चाळलें आहे, त्यांस एकाच श्लोकाचे असे दोन अवतार दिसल्याचें नवल वाटणार नाहीं. आम्हांस मात्र तें वाटलें, कारण विद्यार्थिदशेंत आम्हीं पहिलाच पाठ मुखोद्गत केला होता आणि दुसरा असूं शकेल ही कल्पनाही कोणीं दिली नव्हती.

सुमारें १९९१ सालची गोष्ट. येथील एका शाळेंत आम्ही आठवीस संस्कृत शिकवीत होतों. वीस गुणांचें प्रकरण फळ्यावर लिहून कोंबड्याचा चौथा गुण समजावीत असतां, मागच्या बांकावरील पैठणकडचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, असं नसतंय. कोंबडा आधी कोंबड्यांला खाऊ देतो, अन् मुंगूस आलं तर म्होरं होतो.” वर्ग हंसला. श्लोकास खोटें म्हणणारा हा कोण, अशा रागांत आम्हीं त्यास उरलेला तास वर्गाबाहेर कोंबडा करून ठेवलें. पायांखालून हात घालून कान धरणें या शिक्षेस मराठींत कोंबड्याचेंच नांव कां पडलें असावें, हा विचार त्या वेळीं आमच्या मनांत आला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें असल्या शिक्षा बंद केल्या, तें योग्यच झालें.

पुढें २०१४ सालीं पैठणांत एक जुना वाडा पाडला जात असतां त्यांतील रद्दींतून चाणक्यनीतीची एक कागदी पोथी आमच्या हातीं आली. पहिलीं व शेवटचीं पत्रें गहाळ असल्यामुळें लेखनशक वा लेखकाचें नांव सांगतां येत नाहीं. अक्षर देवनागरी, ठसठशीत. दंड तांबड्या शाईचे. तींत कोंबड्याचें प्रकरण काढून पाहिलें, तों तेथें संकटांतील स्त्रीचें रक्षण ! हरताळ नाहीं, समासांत दुरुस्ती नाहीं. सरळ ओळींत लिहिलेला पाठ. त्या मुलानें पोथी पाहिली असणें शक्य नव्हतें. त्यानें कोंबडा पाहिला होता.

आतां पाठाचा विचार करूं. पहिल्या पाठांतील आरंभींचा शब्द ‘प्रत्युत्थान’ हा आहे. त्याचा सरळ अर्थ सामोरें उठणें; मग तें आलेल्या वडील माणसास मान देण्यासाठीं असो, वा शत्रूवर चालून जाण्यासाठीं असो. छापील भाषांतरांत त्याचा ‘वेळेवर जागें होणें’ असा जो अर्थ देतात, तो कोंबड्याकडे पाहून दिलेला आहे. शब्दांतून तो ओढूनच काढावा लागतो. दुसऱ्या पाठांत हा अडचणीचा शब्द जाऊन त्याच्या जागीं ‘प्रातरुत्थान’ हा सर्वांस कळणारा शब्द आला आहे. पण चार अक्षरांच्या ठिकाणीं पांच अक्षरें झालीं. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा. तेव्हां दोन चकारांपैकीं एक टाकून ‘युद्ध’ पुढें आणावें लागलें. हा नकलनविसाच्या डुलकीचा परिणाम नव्हे. कोणीं तरी समजून उमजून, मात्रागण जाणून, चरण पुन्हां बांधला आहे. ज्यानें पहिला चरण बांधला त्यानेंच पुढें चौथा गुणही बदलला असावा, असा आमचा तर्क आहे. वांटून खाणें सांगितल्यावर लगेच झडप घालून खाणें सांगणें हें विद्यार्थ्यांपुढें चमत्कारिक दिसतें. अवघड व विसंगत पाठावरून सोपा व सुसंगत पाठ होतो. उलट क्वचितच घडतें. या नियमानें पाहतां पहिला पाठ प्राचीन, दुसरा संस्कारित. येथपर्यंत आम्ही शाळेंत शिकविलें तें बरोबरच होतें.

परंतु संस्कार करणाऱ्यानें दुसरा कोणताही गुण न घालतां हाच कां घातला ? याचें उत्तर कोशांत मिळण्यासारखें नव्हतें. तें आमच्या परसांत मिळालें.

२०१९ सालीं, आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर, तोच विद्यार्थी बेगमपुऱ्यांतील आमच्या घरीं आला. आतां तो संसारी गृहस्थ. हातांत डालें, डाल्यांत एक तांबडा कोंबडा व दोन तलंगा. “गुरुजी, पोरं बाहेरगावी गेली तुमची. हे पाळा, वेळ जाईल,” एवढेंच म्हणाला. जुन्या प्रसंगाची आठवण त्यास होती कीं नाहीं, हें त्यानें दाखविलें नाहीं, व आम्हांस विचारवलें नाहीं. आमच्या घरीं कोंबडीं पाळण्याची वहिवाट नव्हती. कुटुंबानें विचारलें, “अहो, हें आपल्यांत चालतें का ?” आम्हीं मनुस्मृतीचा पांचवा अध्याय काढून दाखविला. तेथें ग्रामकुक्कुटाचा निषेध आहे तो भक्षणाचा. पालनाविषयीं त्या अध्यायांत कांहीं म्हटलेलें नाहीं. शास्त्रार्थ संपण्यापूर्वींच ज्वारीची पसर अंगणांत पडली होती, हें येथें नमूद केलें पाहिजे.

त्या कोंबड्यास आम्ही अमरकोशांतील ‘ताम्रचूड’ हें नांव दिलें; घरांत त्याचें तांबू झालें. त्याचे पाय हळदीसारखे पिंवळे होते. या पिंवळ्या रंगाची हकीकत मोठी आहे. गांवकोंबड्याचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा, हें आतां सर्वमान्य आहे. थायलंडांतील बान नोन वाट येथील सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं हाडें हा पाळीव कोंबड्याचा आजवरचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. परंतु त्वचा पिंवळी करणारें बीज तांबड्या रानकोंबड्याचें नसून दक्षिण हिंदुस्थानांतील करड्या रानकोंबड्याचें आहे, असें स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. म्हणजे जगांत जेथें जेथें पिंवळ्या पायांचें कोंबडें चालतें, तेथें तेथें सह्याद्रि व दक्षिणेकडील रानांचा अंश चालतो. आमच्या परसांतलाही त्यास अपवाद नव्हता.

पहिला गुण पहांटेचा. छत्रपति संभाजीनगर (२०२३ पर्यंतचें औरंगाबाद) सुमारें ७५ अंश २० कला रेखांशावर असल्यामुळें येथील सूर्य घड्याळाच्या सुमारें २९ मिनिटें मागें चालतो. ताम्रचूडास घड्याळ ठाऊक नव्हतें. त्याची पहिली बांग आम्हीं एक हिंवाळाभर वहींत टिपली, ती सामान्यतः ब्राह्ममुहूर्ताच्या अलीकडेपलीकडे, म्हणजे सूर्योदयापूर्वीं दीडदोन तास, पडे. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. झांकलेलें कोंबडें आरवत नाहीं, असें ती गृहीत धरते. आम्हीं डालें पालथें घालून वर घोंगडी टाकली. तो आंतून आरवला. जपानांत नागोया विद्यापीठाचे ताकाशी योशिमुरा व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं कोंबडे अखंड मंद प्रकाशांत ठेवून पाहिले, तेव्हांही ते चोवीस तासांहून किंचित कमी अशा आवर्तनानें आरवत राहिले. २०१५ सालीं त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली : पहिली बांग देण्याचा मान कळपांतील श्रेष्ठ कोंबड्याचा, इतर त्याच्यामागून, पायरीपायरीनें. श्रेष्ठास दूर केलें तर दुसऱ्या क्रमाचा आरंभ करतो. ‘प्रत्युत्थान’ या शब्दांत जी मानापमानाची छटा आहे, ती येथें सांपडते कीं काय, असें वाटून गेलें. वैयाकरणांनींही या पक्ष्याचें ऋण मानलें आहे. पाणिनीनें ह्रस्व, दीर्घ व प्लुत यांचें माप सांगण्यास उकार घेतला, तो कोंबड्याच्या आरवण्यांत तिन्ही मात्रा क्रमानें ऐकूं येतात म्हणून, असें परंपरा सांगते. हें आम्हीं वर्गांत शंभरदां सांगितलें असेल; कान देऊन ऐकलें तें साठी उलटल्यावर.

दुसरा गुण युद्धाचा. त्यावर आमच्या वाङ्मयांत इतकें लिहिलेलें आहे कीं निवड करणेंच कठीण. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे यांच्या झुंजीची कला गणली आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कोंबड्याच्या लक्षणांस स्वतंत्र अध्याय दिला; सरळ पिसांचा, तांबड्या मुखाचा व तुऱ्याचा, रात्र सरतां गोड आरवणारा पांढरा कोंबडा राजास व राष्ट्रास वृद्धि देणारा, तर मोठ्या डोक्याचा, नाना रंगांचा झुंजींत विजयी, असें तो सांगतो. बारीक आवाजाचा व लंगडा त्यानें त्याज्य ठरविला आहे. दंडीच्या दशकुमारचरितांत प्रमतीच्या कथेंत श्रावस्तीच्या वाटेवरील एका बाजारगांवीं झुंज चालली आहे. पूर्वेकडील गोटाचा कोंबडा नारिकेल जातीचा, पश्चिमेकडील बलाका जातीचा. जाती पाहूनच प्रमतीस निकाल कळतो व हंसूं येतें. त्याचें भाकीत खरें ठरतें. कोंबड्यांच्या जाती व त्यांचे स्वभाव यांचें ज्ञान तेव्हां नागरिकास असे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. आमच्या प्रांताच्या अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याचा मानसोल्लास. शके १०५१ च्या सुमाराच्या या ग्रंथांत राजाच्या विनोदांत कोंबड्यांच्या झुंजीचा प्रकार आला आहे.

आमच्या गल्लींतील एका वृद्ध शेजाऱ्यानें, ज्यांस सारे चाचा म्हणत, तरुणपणीं असील पाळले होते. ‘असील’ हा शब्द अरबी, अर्थ कुलीन. (‘मुर्ग’ हा फारसी शब्द मुळांत कोणत्याही पक्ष्याचा वाचक; दखनींत तो संकोच पावून कोंबड्यापुरता राहिला.) चाचा म्हणत, “गुरुजी, असील भागता नहीं.” ताम्रचूड असील नव्हे, हें त्यांनीं पाहतांक्षणीं मानेवरून व पायांवरून सांगितलें. प्राण्यांच्या झुंजी लावणें १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. चाचांनींही तो नाद कधींच सोडला होता, व जुन्या झुंजी सांगतांना त्यांच्या बोलण्यांत अभिमान व खंत हीं दोन्ही असत. परंतु लावलेली झुंज व आपसांतील झुंज यांत अंतर आहे. ताम्रचूडाचे दोन पुत्र, कबरा व काळा, वाढीस लागल्यावर परसांत जी लढाई झाली, ती मोजून चार दिवस. नंतर कोणी कोणासमोर मान खालीं घालावयाची हें ठरून गेलें. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनीं लहानपणापासून कोंबड्या पाहून १९२१ च्या सुमारास टोंचण्याच्या ज्या उतरंडीचा सिद्धान्त मांडला, तो आम्हांस अंगणांत खुर्ची टाकून वाचतां आला.

तिसरा गुण, वांटून खाण्याचा, यांत मौज आहे. ताम्रचूडास दाणा वा किडा सांपडला कीं तो कुक् कुक् करी, तो उचली, पुन्हां खालीं टाकी आणि तलंगा येऊन खाईपर्यंत उभा राही. तो एवढें वांटी कीं उन्हाळ्यांत त्याची छाती हातास टोंचूं लागली व आमच्या कुटुंबानें त्यास वेगळें जेवूं घालण्यास आरंभ केला. कबऱ्याचा प्रकार निराळा. तोही कुक् कुक् करी. कोंबड्या धांवत येत. पाहतात तों खालीं काडी नाहींतर खडा. अमेरिकेंतील पीटर मार्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत हीच लबाडी नोंदविली आहे : कोंबडी दूर असली म्हणजे खाद्य नसतांही कांहीं कोंबडे हांक मारतात. आमच्या कोंबड्यांनीं महिन्याभरांत कबऱ्याच्या हांकेकडे लक्ष देणें सोडलें. मग तो खरा दाणा असला कीं कोणास न बोलावतां खाई, व दुसऱ्याच्या चोंचींतलाही झडप घालून घेई. काळा या दोहोंत नव्हता. तो भित्रा, बहुधा पारिजातकाखालीं एकटा. एका बापाचे दोघे, एका खुराड्यांतले, एका ज्वारीवर वाढलेले !

तेव्हां पहिल्या पाठांतील चौथा गुण कोणा कल्पनाविलासी पंडितानें रचला नाहीं, हें कबऱ्यामुळें पटलें. ज्यानें तो लिहिला त्याच्या अंगणांत एखादा कबरा असला पाहिजे. नीतिशास्त्रकारास त्या झडपेंत पराक्रम दिसला, इतकेंच.

दुसऱ्या पाठाचा साक्षी २०२२ च्या जुलै महिन्यांत मिळाला. दुपारची वेळ, पाऊस उघडलेला. कोंबडा घार पाहून जी हांक देतो ती बारीक व लांब, आणि जमिनीवरून येणारा शत्रु पाहून देतो ती तुटक व कर्कश. हा भेद मार्लर यांच्या मंडळींनीं सिद्ध केला आहे, आणि एकटा असतांना कोंबडा घार पाहूनही बहुधा गप्प राहतो, जवळ कोंबडी असली तरच इशारा देतो, हेंही. त्या दिवशींची हांक दुसऱ्या प्रकारची होती. आम्ही पोथी मिटून बाहेर येईपर्यंत मुंगूस खाम नदीच्या बाजूच्या पडक्या भिंतीवरून उतरलें होतें. कोंबड्या सीताफळाच्या झुडुपांत शिरल्या. कबरा सर्वांत आधीं उडून कौलांवर जाऊन बसला. ताम्रचूड मात्र झुडूप पाठीशीं घालून, पंख खालीं सोडून उभा. आम्हीं काठी आपटली तेव्हां मुंगूस गेलें; परंतु मानेशीं दांत लागून चुकले होते. हळद भरली, चाचांनीं आपल्या जुन्या औषधांपैकीं कांहीं लावलें. दोन पहांटा तो खुराड्यांतून आरवला, आवाज फाटलेला. तिसऱ्या पहांटेची पहिली बांग कबऱ्यानें दिली. ती ऐकूनच आम्हीं दिवा लावला.

आठ दिवसांनीं त्या विद्यार्थ्यास आम्हीं पैठणास जाऊन भेटलों. पोथी बरोबर नेली होती. त्यास तें पत्र दाखवून, १९९१ सालीं तूं म्हणालास तें येथें लिहिलेलें आहे, आणि आम्हीं तुला शिक्षा केली ती चूक होती, असें सांगितलें. तो थोडा वेळ अक्षराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, मला वाटलं तुम्ही विसरलात.” त्यास तो तास व त्या दिवशीं बाहेर व्हरांड्यांत असलेलें ऊनसुद्धां आठवत होतें. नंतर त्यानें कबऱ्याविषयीं विचारलें, व तो असाच राहील, त्यास विकूं नका, वय झालें कीं कांहीं कांहीं कोंबडे निवळतात, असें सांगितलें. त्याचें हें भाकीत अद्याप पुरतें खरें झालेलें नाहीं. तथापि कबरा हल्लीं पांच हांकांत एक तरी खरी मारतो.

मूळ प्रश्नाकडे वळून एक गोष्ट नोंदविणें अवश्य आहे. परसांतील पक्ष्यांवरून पाठाचें प्राचीनत्व ठरत नाहीं, व तसें ठरवावें असें आमचें म्हणणें नाहीं. वर दिलेल्या शब्दविचारावरून वृद्धचाणक्यांतील पाठ आधींचा, हें मत आम्ही कायम ठेवतों. दुसऱ्या पाठास मात्र आम्ही पूर्वीं ‘भ्रष्ट’ म्हणत होतों, तें मागें घेतों. तो एका डोळस माणसानें, कोंबडा पाहून, समजून केलेला पाठ आहे. हा संस्कार कोणत्या प्रांतांत व केव्हां झाला, हें हस्तलिखितांच्या तुलनेवांचून कळणार नाहीं. चाणक्याच्या पोथ्या महाराष्ट्रांतील भिक्षुक, कुळकर्णी व देशपांडे घराण्यांच्या दप्तरांतून अद्याप निघतात, व नीतीची पोथी म्हणून त्यांकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल, त्यांनीं वीस गुणांचें प्रकरण काढून कोंबड्याचा श्लोक ‘प्रत्युत्थान’ शब्दानें सुरू होतो कीं ‘युद्ध’ शब्दानें, तेवढें पाहून, पोथीचें प्राप्तिस्थान व असल्यास लेखनशक यांसह मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. आमच्या पोथींतील त्या पत्राचें छायाचित्र मागणाऱ्यास पाठविलें जाईल.